स्ट्रॉबेरी विथ पुस्तकं!

शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला कुठल्याही ऑफिसात जरा कान देऊन ऐका. ‘काय मग, वीकेंडचा काय सीन?’ हा प्रश्न दर दुसऱ्या डेस्कवर विचारला जात असतो. उत्तरंही पाठ झालेली. लोणावळा झालं, अलिबाग झालं, मग उरलं काय? महाबळेश्वर! तिथला कार्यक्रमही वर्षानुवर्षं ठरलेला. टेबललँडवर घोडा, मॅप्रोत सँडविच, वेण्णा लेकवर बोटीसाठी रांग, एखाद्या पॉइंटवर ग्रुप फोटो आणि परतताना डिकीत जॅमच्या बाटल्या. सोमवारी सकाळी पुन्हा तोच मॉनिटर, तेच मेल. मजा येते, नाही असं नाही. पण तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर आपण नक्की कशासाठी एवढा घाट चढून आलो, हा प्रश्न पडतोच की नाही?

तर मंडळी, पुढच्या वेळी पाचगणी सोडल्यावर गाडी सरळ महाबळेश्वरला न पळवता भिलारच्या फाट्याला वळवा. हे गाव म्हणजे एक आख्खी लायब्ररी आहे. आणि तिचं काउंटर कुठेच नाही!

‘पुस्तकांचं गाव’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ४ मे २०१७ रोजी भिलारमध्ये हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा पेपरांत फोटो आले होते, चॅनेलवाले येऊन गेले होते. राज्य सरकारचा मराठी भाषा विभाग आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी गावकऱ्यांच्या साथीनं हे जमवून आणलं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणं आणि सुमारे पंधरा हजार पुस्तकं. ठिकाणं म्हणजे काय? तर लोकांची राहती घरं, लॉज, शाळा, देऊळ. पुढे आणखी घरं जोडली गेली आणि आकडा तिशीच्या पुढे गेला. प्रत्येक ठिकाणी एकेक विषय. एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात चरित्रं-आत्मचरित्रं, कुठे संतसाहित्य, कुठे इतिहास, कुठे विज्ञान, कुठे बालसाहित्य, आणि एका जागी चक्क दिवाळी अंक. सुमारे पंच्याहत्तर चित्रकारांनी येऊन घरांच्या भिंती रंगवल्या, त्यामुळे कुठल्या घरात काय मिळणार हे लांबूनच कळतं. आपल्या मॉलमधल्या डिरेक्टरीपेक्षा हे बरं.

ही कल्पना आली वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून. तिथे रिचर्ड बूथ नावाच्या अवलियानं साठच्या दशकात जुन्या पुस्तकांची दुकानं थाटली. बघता बघता गावभर दुकानंच दुकानं झाली. १ एप्रिल १९७७ ला या पठ्ठ्यानं स्वतःला त्या गावचा राजा म्हणून जाहीर करून टाकलं! १९८८ पासून तिथे मोठा साहित्य महोत्सव भरतो. पण हे-ऑन-वाय आणि भिलार यांच्यात एक फरक आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. हे-ऑन-वायमध्ये पुस्तकं विकायला असतात. भिलारच्या घरांत ती वाचायला ठेवलेली आहेत. तिथलं अर्थकारण खरेदी-विक्रीचं. इथलं पाहुणचाराचं.

म्हणजे नेमकं काय होतं, ते सांगते.

तुम्ही एका घरासमोर उभे राहता. बाहेर बोर्ड आहे, भिंतीवर चित्र आहे, पण शेवटी ते कुणाचं तरी घर आहे. अंगणात कपडे वाळत घातलेले, पायरीशी चपला, आतून कुकरच्या शिट्ट्या. शहरात वाढलेल्या माणसाची इथे जी काय गोची होते! बेल वाजवायची की हाक मारायची? ‘एक्स्क्यूज मी’ म्हणावं तर आपलंच आपल्याला हसू येतं. एवढ्यात आतून काकू पदराला हात पुसत येतात आणि म्हणतात, ‘या की. बसा निवांत. पंखा लावू का?’ झालं. मेंबरशिप मिळाली! कार्ड नाही, डिपॉझिट नाही, ओळखपत्राची झेरॉक्स नाही. समोर काचेचं कपाट, बाजूला दोन-चार खुर्च्या, एक टेबल. काकू परत स्वयंपाकघरात. आणि तुम्ही एका अनोळखी माणसाच्या बाहेरच्या खोलीत, तीन-चारशे पुस्तकांसमोर एकटे.

पहिली दहा मिनिटं फार विचित्र जातात, आधीच सांगून ठेवते. हात आपोआप मोबाइलकडे जातो. एखादं पुस्तक काढून त्याच्यासोबत फोटो काढावासा वाटतो. आमच्या ग्रुपमधला एक मित्र तर दहावीच्या परीक्षेनंतर मराठी पुस्तकाच्या वाटेलाच गेलेला नव्हता. सॉफ्टवेअरवाला, वाचतो खूप, पण सगळं स्क्रीनवर आणि सगळं इंग्रजीत. त्यानं कपाटासमोर उभं राहून जो चेहरा केला तो मेनूकार्ड न कळलेल्या माणसाचा होता. ‘सुरुवात कुठून करायची?’ त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. आपल्यापैकी किती जणांची हीच अवस्था आहे! मराठी बोलता येतं, चिडता येतं, शिव्या तर फर्मास देता येतात, पण दोनशे पानं सलग वाचायची म्हटली की दम लागतो.

इथे माझा एक फंडा आहे, तो वापरा. ही पुस्तकं तिथेच बसून वाचायची असतात. तेव्हा जाडजूड ग्रंथाच्या नादी लागू नका. बारीक पुस्तक उचला. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आली १९५५ मध्ये, विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ त्याही आधी, १९३९ मध्ये. दोन्ही अंगानं बारीक, दोन्ही दुपारभरात हातावेगळी होणारी, आणि दोन्ही वाचून उठल्यावर माणूस थोडा वेळ गप्प बसतो. मित्राला ‘बनगरवाडी’ दिली. मेंढपाळांच्या वस्तीवर नेमणूक होऊन आलेल्या तरुण मास्तराची ती गोष्ट, म्हणजे तसं पाहिलं तर पहिल्याच पोस्टिंगची गोष्ट. साडेअकराला बसला होता, चहा दोनदा येऊन गेला, आम्ही गावात फिरून आलो, जेवायची हाक मारली तरी ‘थांब गं’ म्हणाला. डेडलाइनच्या रात्रीखेरीज याला एका जागी इतका वेळ बसलेला मी कधी पाहिला नव्हता.

आता कळीचा प्रश्न. जायचं कधी?

एरवी अशा प्रश्नाला ‘ऑक्टोबर ते मे’ असं साचेबंद उत्तर देऊन मोकळं होता येतं. भिलारचं तसं नाही. इथे लायब्ररी घरात आहे, घर शेतकऱ्याचं आहे आणि शेती स्ट्रॉबेरीची आहे. त्यामुळे पुस्तकांचं वर्ष आणि स्ट्रॉबेरीचं वर्ष एकमेकांत गुंतलेलं आहे. तुम्ही कुठल्या महिन्यात जाता त्यावर तुम्हाला कुठलं गाव भेटणार हे ठरतं.

बहुतेक सगळे जातात ते डिसेंबर ते फेब्रुवारीत. स्वाभाविक आहे. थंडी कडाक्याची, शेतात लालचुटूक फळं, आणि रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी विथ क्रीमचे ग्लास. देशात पिकणाऱ्या स्ट्रॉबेरीतली साधारण पंच्याऐंशी टक्के याच महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यातली, आणि २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळालं. भिलार त्या पट्ट्यातलं जुनं, नाव कमावलेलं गाव. पुस्तकं यायच्या आधीपासून हे गाव आपल्या पायावर उभं होतं, हे लक्षात घ्या. कोणीतरी येऊन उद्धार करावा असली केविलवाणी कथा इथे नाही. कदाचित म्हणूनच आपल्या घराची खोली लोकांसाठी मोकळी करायला गावानं होकार दिला असावा. ज्याचं पोट भरलेलं असतं त्यालाच पाहुण्यांचा कंटाळा येत नाही.

हाच हंगाम शाळांच्या सहलींचा. एसटीतून चाळीस-पन्नास पोरं उतरतात, गुरुजी ‘रांगेत, रांगेत’ म्हणून ओरडत असतात आणि रांग बालसाहित्याच्या घरापाशी येऊन फुटते. ज्यांच्या घरी पुस्तक म्हणजे फक्त क्रमिक पुस्तक, अशीही मुलं त्यात असतात. त्यांना हव्या त्या कपाटातून हवं ते काढून जमिनीवर फतकल मारून बसता येतं. याच दिवसांत जानेवारीतला मराठी भाषा पंधरवडा येतो आणि कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिन. राज्यभरातल्या लायब्रऱ्यांत त्या दिवशी भाषणं, वाचन, प्रदर्शनं असतात. हार-तुऱ्यांचा आणि फ्लेक्सचा भाग सोडून द्या. पण गावातल्या एखाद्या पोरानं माइकसमोर उभं राहून कविता वाचणं यात काहीतरी आहे, आणि ते टाळ्यांच्या पलीकडचं आहे.

मग येतो एप्रिल-मे. खरं सांगू? शक्यतो टाळा. २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन आणि ४ मेचा प्रकल्पाचा वाढदिवस ही निमित्तं चांगली आहेत, पण मे महिन्यातला शनिवार म्हणजे पसरणीच्या घाटापासूनच हॉर्नची मैफल. भिलारमध्येही त्यातली थोडी गर्दी सांडतेच. गाडी थांबते, सहा माणसं उतरतात, रंगवलेल्या भिंतीपुढे फोटो काढतात, ‘अय्या, पुस्तकांचं गाव!’ म्हणतात आणि सात मिनिटांत गाडी सुटते. सात मिनिटांत पुस्तकाची प्रस्तावनाही होत नाही! हौसेनं आलेल्यांना नावं ठेवायची नाहीत मला. पण घरच्या माणसांनी सकाळी खोली झाडून, पुसून, खुर्च्या मांडून ठेवलेल्या असतात. त्या खुर्चीवर कुणी बसलंच नाही, तर त्यांना काय वाटत असेल?

वाईला मात्र याच दिवसांत थांबून बघा. तिथली वसंत व्याख्यानमाला जुनी आणि नावाजलेली आहे. ज्या परंपरेला न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ मध्ये सुरुवात केली, तीच ही. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी माणसं दीड-दीड तास बसून व्याख्यान ऐकतात, आणि तेही फुकट. आमच्या पिढीला हे पॉडकास्टसारखं वाटेल, फक्त समोर खराखुरा माणूस. वाईचं मराठी पुस्तकांशी नातं याहूनही घट्ट आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून झालं, त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. आपण वाईला ओळखतो ते ढोल्या गणपतीमुळे आणि हिंदी सिनेमांच्या शूटिंगमुळे. गूगल नव्हतं तेव्हा कृष्णेच्या काठी बसून काही माणसं जगातल्या सगळ्या विषयांवर मराठीत नोंदी लिहून घेत होती, हे किती जणांना माहीत असतं? तेव्हा भिलार काही हवेतून उगवलेलं नाही. घाटाखालच्या गावात ही मशागत आधीच झालेली होती.

भिलारला स्वतःचा इतिहासही आहे. स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे आमदार झालेले भि. दा. भिलारे गुरुजी याच गावचे. १९४४ मध्ये पाचगणीत गांधीजींवर चालून आलेल्या नथुराम गोडसेला त्यांनी अडवलं, असं ते सांगत. त्या प्रसंगावर वाद आहेत, पण गावात ती आठवण अभिमानानं सांगितली जाते. पुस्तकांचं गाव सुरू झाल्यावर दोन-अडीच महिन्यांतच, जुलै २०१७ मध्ये, गुरुजी गेले. इतिहासाच्या कपाटासमोर बसलेलं असताना बाहेरच्या रस्त्यालाच इतिहास चालून गेलाय हे कळलं की पानं जरा वेगळी दिसायला लागतात.

आता माझा लाडका मोसम. पावसाळा!

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईत आपण छत्र्या मोडून घेतो त्या पावसाच्या दुप्पट! पूर्वेला पाचगणीकडे यावं तसा तो झपाट्यानं कमी होतो, भिलार मधल्या पट्ट्यात. म्हणजे पाऊस भरपूर, धुकं त्याहून भरपूर, पण जग बुडाल्यासारखं नाही. टुरिस्ट जवळजवळ गायब. समोरचं घर दिसत नाही, बारा वाजता दिवे लावावे लागतात, आणि पत्र्यावर पावसाचा असा ताल धरलेला असतो की वाचनाला यापेक्षा सही बॅकग्राउंड स्कोअर कुठला स्टुडिओ देणार नाही.

पण पुस्तकांसाठी हे चार महिने म्हणजे अग्निपरीक्षा. चुकले, जलपरीक्षा म्हणू या. आपल्या घरात दमट कपाटात ठेवलेल्या लेदरच्या बुटाचं काय होतं ते आठवा. कागदाचं तेच. पानं फुगतात, कडांना बुरशी धरते, बांधणीचा डिंक सुटतो. कपाट बंद ठेवावं तर आत वास धरतो, उघडं ठेवावं तर धुकं थेट आत येतं. पाऊस उघडला, चार तास ऊन पडलं की पुस्तकं उलगडून वाऱ्यावर ठेवायची, पुसायची, परत लावायची. मोठ्या शहरातल्या मोठ्या लायब्रऱ्यांत हे काम पगारी माणसं करतात. इथे ते घरातल्या कुणाच्या तरी अंगावर येतं, आणि बहुतेक वेळा घरातल्या बाईच्याच. स्वयंपाक, गुरंढोरं, शेत, पोरांचा अभ्यास आणि त्यात ही आणखी तीनशे लेकरं! प्रकल्पाच्या उद्घाटनाच्या बातम्यांत हे काम दिसत नाही. मला विचाराल तर पुस्तकांच्या गावाचा खरा ‘यूएसपी’ हाच आहे.

आणि याच दिवसांत शेतातही घाई असते. स्ट्रॉबेरीची मातृरोपं परदेशातून येतात, पावसाळ्यात त्यांच्यापासून नवी रोपं तयार केली जातात आणि पाऊस ओसरायला लागला की गादीवाफ्यांवर लावणी सुरू होते. तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात एखाद्या घराला दुपारी कडी दिसली तर नाक मुरडू नका. घरचे सगळे शेतात असतात. शेजारी विचारा, कुणीतरी सांगतंच, ‘आत्ता येतील, तवर आमच्याकडं बसा.’ एका घरात चरित्रं वाचायला गेलेला माणूस असा शेजारच्या घरात जाऊन लोकसाहित्य वाचून येतो. ऑनलाइन दुकानांतलं ते ‘तुम्हाला हेही आवडेल’ असतं ना, त्याची ही गावरान आवृत्ती. आणि कितीतरी चांगली चालते!

पावसाळ्यातली दुपार गावातल्या पोरांचीही. शाळा सुटली, बाहेर चिखल, खेळता येत नाही, मग पोरं कपाटांकडे वळतात. टुरिस्ट नसताना ती जास्त मोकळी असतात. एक मुलगी गुडघ्यावर पुस्तक ठेवून धाकट्या भावाला मोठ्यानं वाचून दाखवत होती आणि मध्येच थांबून मला विचारलं, ‘ताई, तुमच्या गावाला पण असं घराघरात पुस्तक असतं?’ आमच्या ‘गावाला’, म्हणजे मुंबईत! आमच्या टॉवरमध्ये चौदा मजले, छप्पन्न फ्लॅट. शेजारच्या दाराआड काय आहे, कोण आहे, मला खरंच सांगता आलं नसतं. मी म्हटलं, ‘असतं, पण दारं बंद असतात.’ तिला ते काही पटलेलं दिसलं नाही.

ऑक्टोबरात चक्र पुन्हा फिरतं. १५ ऑक्टोबर हा अब्दुल कलामांचा जन्मदिवस, महाराष्ट्रात २०१५ पासून तो वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. मग दिवाळी अंक! का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक हवाच, ही आपली खास मराठी सवय. बाकी कुठल्या समाजात सणाला असा साहित्याचा बोनस मिळतो, सांगा बरं. शहरातल्या वाचनालयांत दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी भरून लोक महिनोन्‌महिने अंक फिरवत बसतात. भिलारमध्ये दिवाळी अंकांचं वेगळं घर आहे. जुना अंक उघडला की मजकुराआधी जाहिराती वाचा. साड्यांच्या, हेअर ऑइलच्या, बँकांच्या. एका दशकाचा महाराष्ट्र पाच मिनिटांत कळतो.

आता थोडं गंभीर. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. सरकारमान्य ग्रंथालयं दहा हजारांच्या वर, त्यांना अ, ब, क, ड असे दर्जे, आणि दर्जानुसार अनुदान. आपल्या आई-बाबांच्या पिढीचं वाचन या ग्रंथालयांनीच पोसलं. आजही त्यातली कितीतरी जिद्दीनं चालतात. पण संध्याकाळी सातला घरी पोचणाऱ्या, दर दोन वर्षांनी भाड्याचं घर बदलणाऱ्या आपल्यासारख्यांचा त्यांच्याशी संबंध तुटला तो तुटलाच. नवा पत्ता, नवा पुरावा, नवं डिपॉझिट... कोण करणार? मग वाचनालय म्हणजे एमपीएससीच्या मुलांची अभ्यासिका आणि रिटायर्ड काकांचे पेपर, असं चित्र आपण मनात फिक्स करून टाकलं.

भिलार या चित्राला धक्का देतं ते पुस्तकांच्या संख्येमुळे नव्हे. पंधरा हजार पुस्तकं दादरच्या एखाद्या जुन्या संग्रहालयापुढे किरकोळच. धक्का असतो तो उंबऱ्याचा. तुमच्याकडून काहीही न मागता, तुम्ही कोण हे न विचारता, एखादं घर तुम्हाला ‘बस, वाच’ म्हणतं याचा. कॉफी शॉपमध्ये दोन तास बसायचं तर अडीचशेची कॉफी घ्यावी लागते, आणि ती संपली की वेटर दोनदा टेबल पुसून जातो! शहरात फुकट बसायची जागा उरलीय कुठे?

आणि हे सगळं उभं आहे कशावर? गावकऱ्यांनी आपल्या जागा भाड्यापोटी दिलेल्या नाहीत. कपाटं, पुस्तकं, फर्निचर सरकारचं. जागा, वेळ आणि मायेचं खातं गावाचं. पाहुणा रात्री गावात राहिला, जेवला, स्ट्रॉबेरी घेऊन गेला तर घराला चार पैसे मिळतात. सात मिनिटांत फोटो काढून गेला तर काहीच नाही, उलट खोली परत पुसावी लागते. सरकारी योजनेचं पहिलं वर्ष नेहमीच झकास असतं. मंत्री येतात, फुगे लागतात. कस लागतो तो पुढे, जेव्हा कपाटाची बिजागरी निघते, पुस्तकं जीर्ण होतात आणि नवीन खरेदीची फाइल कुठल्या तरी टेबलावर असते. भिलारनं मधली करोनाची बंद वर्षं काढली, पुन्हा दारं उघडली. हीच कल्पना पुढे राज्यात इतरत्र न्यायचं ठरलं तेव्हा वेरूळ, नवेगाव बांध, अंकलखोप, पोंभुर्ले अशी नावं आली. पोंभुर्ले म्हणजे ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांचं गाव, तेव्हा निवड चपखल. पण इमारत, बोर्ड आणि पुस्तकं कुठेही पोचवता येतात. ‘पंखा लावू का?’ म्हणणाऱ्या काकूंचं टेंडर काढता येत नाही ना राव!

म्हणून माझी आपली एक सूचना. भिलारला ‘पॉइंट’सारखं करू नका. यादीतला एक टिकमार्क म्हणून जाणार असाल तर सरळ टेबललँडला जा, घोडे वाट बघतायत. जायचं तर शुक्रवारची सुट्टी टाका, जुलै किंवा ऑगस्ट बघा, एक रात्र गावात काढा आणि जास्तीत जास्त दोन घरं करा. एक सकाळी, एक दुपारी. लिस्टमधली बाकीची सगळी राहू देत, पुढच्या खेपेला होतील.

पुण्याहून बंगळूर हायवेनं खंबाटकी घाट, मग सुरूर फाट्याला उजवीकडे वळून वाई, पसरणीचा घाट, पाचगणी, आणि तिथून महाबळेश्वरच्या रस्त्यानं थोडं पुढे गेलं की भिलारचा फाटा. मुंबईकरांनी एक्स्प्रेस वेचे तास यात मिळवावेत आणि पहाटेच निघावं. पावसाळ्यात घाटात धुकं दाट असतं, गाडी चालवणाऱ्याला गाण्यांच्या भेंड्यांत ओढू नका. एसटीनं गेलात तर वाई किंवा पाचगणीला उतरून पुढची गाडी विचारा. सोबत छत्री, टॉवेल आणि वाचायचा चष्मा. लॅपटॉप नको. नेटवर्क मिळालं तरी बॉसला सांगा, मिळत नाही.

घरात शिरताना चपला बाहेर काढा. ओल्या हातानं पुस्तकाला हात लावू नका, स्ट्रॉबेरीच्या हातानं तर मुळीच नको. घरच्यांचे फोटो विचारून काढा. चहा आला तर घ्या, पैसे पुढे करू नका, जाताना त्यांच्याच शेतातली टोपली विकत घ्या. आणि पुस्तक ज्या खणातून काढलंत त्याच खणात परत ठेवा. पुढचा माणूस ते तिथेच शोधणार आहे.